गोफण आणि गोल्फ

खानदेशांत दादर निसवली कीं पाखरें येतात. यावलच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस तापी; या दोहोंमधील काळ्या जमिनीवर आतां बहुतेक ठिकाणीं केळीच्या बागा उभ्या आहेत. तरीहि घरची भाकरी व गोठ्यांतील कडबा यांसाठीं ज्यांनीं थोडी तरी दादर राखली आहे, त्यांच्या शेतावर पौष-माघांत दाणा दुधांत भरला कीं थवेच्या थवे उतरतात, आणि मग कोणास तरी गोफण घेऊन माळ्यावर उभें राहावें लागतें.

गोफणीची रचना इतकी साधी कीं ती पाहून कोणाला शास्त्र आठवूं नये. अंबाडीच्या किंवा केकताडाच्या वाखाच्या दोन दोऱ्या, मध्यें खडा बसेल एवढी विणलेली पट्टी. एका दोरीच्या टोंकास बोट अडकविण्यापुरता फांस, दुसरीचें टोंक मोकळें. फांस बोटांत घालावयाचा, मोकळें टोंक चिमटींत धरावयाचें, डोक्याभोंवतीं एक-दोन वेढे द्यावयाचे आणि चिमूट सैल करावयाची. एवढेंच.

परंतु या ‘एवढेंच’ मध्यें सगळी विद्या आहे. नवखा माणूस खडा दूर जावा म्हणून दंडाचा जोर वाढवितो. मुरलेला राखणदार जोराची गोष्टच काढीत नाहीं, तो चिमटीची काढतो. दोरी सुटली म्हणजे खडा वर्तुळाच्या बाहेरच्या बाजूस फेंकला जातो, अशी पुष्कळ शिकलेल्या लोकांचीहि समजूत असते. ती चूक आहे. सुटण्याच्या क्षणीं खडा ज्या दिशेनें चाललेला असतो, त्याच दिशेनें तो सरळ निघून जातो. भूमितीच्या भाषेंत, वर्तुळाच्या स्पर्शरेषेनें. म्हणून समोरच्या थव्यावर नेम धरावयाचा असेल तर खडा समोर आला असतां सोडून उपयोग नाहीं. तो बाजूस असतांनाच, पाव फेरा आधीं, सोडावा लागतो. या बाबतींत वेळेची किंमत केवढी, याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. हात व दोरी मिळून दीड मीटर धरली आणि खडा सेकंदास ३० मीटर या वेगानें फिरत असला, तर सेकंदाच्या शंभराव्या भागांत तो ११ अंश फिरून जातो. तेवढाच उशीर चिमटीस झाला तर ५० मीटरांवर खडा १० मीटर बाजूस पडेल. पाखरांचें यांत फारसें बिघडत नाहीं, कारण दोरीचा फटकारा ऐकूनच थवा उठतो. पण शेजारच्या बांधावर कोणी वांकून काम करीत असेल तर त्याचें बिघडतें.

आमचे वाचक म्हणतील, गोफणीचें हें पुराण आज कशासाठीं? कारण असें कीं, ज्या कुटुंबांतून हें मासिक वाचलें जातें, त्यांतील पुष्कळांचीं मुलें आज पुण्यास, बंगळूरास किंवा थेट अमेरिकेंत नोकरीस आहेत आणि त्यांपैकीं कित्येकांस गोल्फचा नाद लागला आहे. मुलाकडे चार महिने राहावयास गेलेले, साठी उलटलेले वडीलहि पाय मोकळे करावयाचे म्हणून त्या हिरवळीवर जातात आणि हातांत काठी घेऊन परत येतात. पुढें जी तक्रार सुरू होते ती बहुधा सर्वांची एकच: जितका जोर लावावा तितका चेंडू जवळ पडतो, आणि कोंपर मात्र दुखूं लागतें. शिकविणारा म्हणतो, ‘तुमचें रिलीज होत नाहीं.’ हें रिलीज म्हणजे काय, असें विचारावें तर एक सांगतो मनगट वळवा. दुसरा सांगतो मनगट मुळींच वळवूं नका. तिसरा सांगतो क्लब चेंडूच्या पलीकडे फेंकून द्या. क्लब म्हणजे ती काठी. तिन्ही उपदेश एकाच दिवशीं कानीं पडलेला गृहस्थ घरीं येऊन गप्प बसतो आणि आपल्या अंगीं आतां ताकद राहिली नाहीं अशी मनाची समजूत घालतो. ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यापायीं चांगला व्यायाम सुटतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

खेळ आपल्याकडे नवा नाहीं. कलकत्त्याचा रॉयल क्लब १८२९ सालचा. ब्रिटनबाहेरील क्लबांत तो सर्वांत जुना. मुंबईंतहि १८४२ सालीं गोल्फ क्लब निघाला होता. परंतु शतकाहून अधिक काळ हा साहेबांचा खेळ राहिला आणि आपल्या लोकांच्या वांट्यास त्यांच्या पिशव्या वाहणें आलें. आज तसें राहिलेलें नाहीं. पुण्याचे उदयन माने २०२१ सालीं तोकियोच्या ऑलिंपिकमध्यें भारतातर्फे खेळले, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. गोफणींत एक दोरी हातांतून खरोखरच सुटते. गोल्फमध्यें तसें कांहींच सुटत नाहीं. क्लब अखेरपर्यंत दोन्ही हातांत असतो. मग सुटतें तें काय? सुटतो तो मनगटाशीं धरलेला कोन. उजव्या हाताचा खेळाडू क्लब मागें, उजव्या खांद्याच्या वर नेतो, तेव्हां त्याचा डावा हात बहुतेक सरळ असतो आणि त्या हाताचा व क्लबच्या दांड्याचा मनगटापाशीं सुमारें काटकोन झालेला असतो. खालीं येतांना प्रथम कंबर वळते, तिच्यामागून खांदे, त्यांच्यामागून हात. क्लब मात्र दुमडलेल्या स्थितींतच त्यांच्याबरोबर ओढला जातो. हात कंबरेच्या उंचीच्या आसपास आले कीं हा काटकोन उलगडूं लागतो, आणि चेंडूशीं पोंचतांना हात व दांडा जवळजवळ एका रेषेंत येतात. या उलगडण्यास रिलीज म्हणावयाचें.

हें घरच्या घरीं पाहावयाचें असेल तर गच्चीवर ओलें लुगडें झटकणाऱ्या बाईकडे पाहावें. ती दोन्ही हातांनीं लुगडें वर उचलून झपकन् खालीं आणते आणि हात एकाएकीं आंवरते. हात आंवरले कीं लुगड्याची पुढची किनार धांवून फट्टदिशीं वाजते. तिनें हात आंवरलेच नाहींत, ते तसेच जमिनीपर्यंत रेटीत नेले, तर फटकारा उठत नाहीं आणि पाणीहि झडत नाहीं. हाताचा वेग हातापाशींच न ठेवतां तो टोंकाला देऊन टाकावयाचा, हें त्यांतील मर्म. तिला हें कोणी शिकविलेलें नसतें, आणि ‘मनगट वळव’ असें तर कोणीच सांगितलेलें नसतें.

गोल्फमध्यें हात आंवरण्याचें काम खेळाडूस मुद्दाम करावें लागत नाहीं. तें क्लबच करतो. क्लबच्या डोक्याचें वजन सुमारें २०० ग्रॅम असतें. फिरत्या वस्तूची ओढ सरळ निघून जाण्याकडे असते. हात तिला सतत आंत ओढून वर्तुळांत ठेवीत असतात. हातांचा वेग वाढला कीं ही ओढाताणहि वाढते. दांडा दुमडलेला असल्यामुळें ती त्याच्या लांबीच्या दिशेनें न पडतां तिरपी पडते, आणि म्हणूनच तो उलगडूं लागतो. उलगडतांना तो हातांना उलट मागें खेंचतो. हात मंदावतात, आणि त्यांनीं गमावलेली गति क्लबच्या डोक्यांत जाऊन बसते. अमेरिकेंतील हॅरॉल्ड एजर्टन यांनीं १९३८ च्या सुमारास प्रख्यात खेळाडू बॉबी जोन्स यांचा फटका लुकलुकणाऱ्या तीव्र दिव्यांच्या साह्यानें एकाच छायाचित्रांत पुनःपुन्हा टिपला होता. अशा चित्रांत ही देवघेव डोळ्यांनीं दिसते: वरच्या भागांत क्लबच्या प्रतिमा एकमेकींस चिकटलेल्या, आणि चेंडूजवळ त्याच प्रतिमा एकमेकींपासून लांब लांब, हाताच्या प्रतिमांमधील अंतर मात्र तेथें वाढलेलें नसतें. चांगल्या खेळाडूचे हात चेंडूशीं पोंचण्यापूर्वींच मंदावूं लागलेले असतात. नवशिका नेमका तेथेंच हात रेटतो.

या वेळीं हातांवर केवढा ताण येतो हेंहि लक्षांत घ्यावें. क्लबचें डोकें ताशीं १८० किलोमीटर वेगानें जात असलें (व्यवसायी खेळाडूंचें एवढें जातें) तर तें हातांना सुमारें ४० किलो वजनाइतक्या जोरानें बाहेर ओढीत असतें. पाण्यानें भरलेल्या दोन मोठ्या घागरी कोणी हातांतून हिसकावीत आहे असें समजावें. इतकी ओढ असतां मनगटाच्या इवल्याशा स्नायूंनीं क्लबला दिशा देऊं पाहणें म्हणजे धांवत्या गाडीच्या चाकाला बोट लावण्यापैकींच होय.

आतां वाद आहे तो असा: हा रिलीज करावयाचा कीं होऊं द्यावयाचा? आमचा कौल दुसऱ्या बाजूस आहे, आणि त्याला पहिलें कारण घड्याळाचें. वरून चेंडूपर्यंत येण्यास क्लबला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि उलगडण्याचा मुख्य भाग शेवटच्या दशांश सेकंदांत उरकतो. कांहीं पाहून, तें मनांत आणून हातास हुकूम देण्यास माणसाला सुमारें एक-पंचमांश सेकंद लागतो. ‘आतां सोडूं’ असें मनांत येऊन हात हलेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. गोफणवाल्याची चिमूटसुद्धां अशीच संवयीनें सुटते. पण त्याला निदान एक-दोन वेढे घेऊन ठेका धरतां येतो, गोल्फवाल्याला तेवढीहि सवड नाहीं.

दुसरें कारण गणिताचें. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनीं गोल्फच्या फटक्याचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तो अलास्टेअर कॉक्रन व जॉन स्टॉब्स यांनीं १९६८ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्यांनीं खेळाडूचे सगळे अवयव बाजूस ठेवून दोनच दांड्यांची कल्पना केली: खांद्याच्या मध्याभोंवतीं फिरणारा एक, व त्याच्या टोंकाला बिजागरीनें जोडलेला दुसरा. ही बिजागरी, म्हणजे मनगट, कांहींएक जोर न लावतां केवळ मोकळी ठेवली तरीहि फटका उत्तम लागतो असें त्यांत दिसून आलें. नेब्रास्का विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक थिओडोर जॉर्गेन्सन यांनीं हेंच गणित आणखी पुढें नेलें. त्यांचें पुस्तक १९९४ सालचें. त्यांचा निष्कर्ष पहिल्यानें ऐकणाऱ्यास उलटा वाटतो. मनगटाच्या जोरानें क्लब आधींच उलगडूं पाहिला तर चेंडूशीं पोंचतांना त्याचा वेग घटतो; उलट सुरुवातीस मनगटानें त्याला किंचित् अडवून धरलें तर वेग वाढतो. जोर लावणाऱ्याचा चेंडू जवळ पडतो तो याच कारणानें. त्याचा सर्व वेग चेंडूच्या हातभर मागें, हवेंतच खर्च होतो.

न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, नंतरच्या संगणकी अभ्यासांत अगदीं शेवटच्या टप्प्यांत मनगटानें दिलेल्या जोरामुळें वेगांत थोडी भर पडते असें आढळलें आहे. मनगट म्हणजे निव्वळ बिजागरी, हें मत अक्षरशः खरें नव्हे. ज्यांचें पोट या खेळावर आहे त्यांनीं त्या भरीचा अवश्य विचार करावा. साठीच्या गृहस्थांनीं तिच्या नादीं लागण्याचें प्रयोजन नाहीं.

येथवर एका उलगडण्याची गोष्ट झाली. त्याच्या पोटांत दुसरें एक वळणें आहे आणि खरा गोंधळ त्याच्यामुळें माजतो. क्लबच्या डोक्याला एक सपाट तोंड असतें. चेंडू त्या तोंडावर लागतो. मागें जातांना हें तोंड उघडतें आणि पुढें येतांना, दोन्ही हातांचे कोंपरापासून मनगटापर्यंतचे भाग आपल्या आंसाभोंवतीं फिरल्यामुळें, तें पुन्हा मिटतें. दार उघडून लोटावें तसें. ठोक्याच्या वेळीं हें दार सेकंदास २००० अंशांहून अधिक वेगानें फिरत असतें. चेंडू तोंडाला चिकटून असतो तो अवघा सेकंदाचा दोन-हजारावा भाग. तेवढ्यांतहि दार एक अंशभर फिरतें. एक अंशाची चूक २०० मीटरांवर तीन-साडेतीन मीटरांची होते, आणि चेंडूला जें वळण लागतें तें निराळेंच.

जुन्या पुस्तकांतून असें शिकवीत कीं, चेंडू निघतो तो क्लब ज्या वाटेनें आला त्या वाटेनें, आणि मागाहून वळतो तो तोंडाच्या दिशेनें. जॉर्गेन्सन यांनीं गणितानें आणि पुढें या शतकांत रडार यंत्रांनीं दाखवून दिलें कीं वस्तुस्थिति बहुतांशीं उलट आहे. चेंडू निघतो तो मुख्यतः तोंड जिकडे असेल तिकडे; आणि तोंडाची दिशा व क्लबची वाट यांत जितका फरक असेल तितका तो पुढें वळतो. याचा परिणाम शिकविण्यावर झाला पाहिजे होता, तो सर्वत्र झालेला नाहीं. चेंडू उजवीकडे जातो म्हणून ‘मनगट अधिक वळवा’ असें सांगितलें जातें. विद्यार्थी तें इमानानें वळवितो, आणि एक चेंडू डावीकडच्या झाडींत व दुसरा उजवीकडच्या तळ्यांत जाऊं लागतो. कारण मुद्दाम वळविलेलें दार रोज एकाच क्षणीं मिटत नाहीं. पकडींत मूळचा दोष असेल, म्हणजे हात दांड्यावर फार डावीकडे वळवून धरले असतील, तर तो पकडींतच दुरुस्त करावा. ठोक्याच्या वेळीं मनगटाकडून तो भरून काढण्याची अपेक्षा करूं नये.

आणखी एक खोड फार सार्वत्रिक आहे. चेंडू वर उडावा म्हणून मनुष्य शेवटच्या क्षणीं डावें मनगट मागें मोडून क्लबनें चेंडू उचलूं पाहतो. उलथण्यानें थालीपीठ उलटावें तशी ती क्रिया दिसते. उचलण्याची गरजच नसते. क्लबचें तोंड मुळांतच तिरपें घडविलेलें असतें. लांब पल्ल्याच्या काठीचें सुमारें १० अंश व मधल्या लोखंडी काठ्यांचें ३० अंशांच्या पुढेंमागें. चेंडू वर चढविण्याचें काम कारखान्यांत होऊन चुकलेलें असतें. उचलूं जाणाऱ्याचा क्लब चेंडूआधीं मातींत घुसतो आणि कोंपराच्या आंतील बाजूस जो हिसका बसतो, त्यांतूनच तें दुखणें सुरू होतें.

आपल्या मुलांच्या हातीं प्रथम क्रिकेटची बॅट येते, आणि सरळ बॅटीनें खेळतांना तोंड वळूं न देणें हाच तिथें गुण असतो. त्यामुळें चांगला क्रिकेट खेळणारा गोल्फमध्यें मनगट आंवळून बसतो असें आमच्या पाहण्यांत आहे. विटीदांडूवर वाढलेला मुलगा त्या मानानें मोकळा. हवेंत उडालेली विटी मारतांना मनगट आंवळून चालतच नाहीं. यावलच्या गल्लींत तयार झालेला हात येरवड्याच्या हिरवळीवर लवकर रुळेल, असें आम्हांस वाटतें. पुरावा मात्र कोणी मागूं नये.

रिलीज साधला म्हणजे गोल्फ साधला, असेंहि कोणी समजूं नये. २०२१ सालच्या त्याच ऑलिंपिकमध्यें बंगळूरची आदिति अशोक चौथी आली. कांस्यपदक तिच्यापासून एकाच फटक्यानें दूर राहिलें. लांब मारण्यांत ती तेथील पुष्कळ जणींच्या मागें होती. तिचें बळ हिरवळीवरील शेवटच्या छोट्या टोल्यांत. आणि त्या टोल्यांत मनगटानें उलगडण्याचें कांहीं कारणच नसतें.

ज्यांस क्लब मिळत नाहीं किंवा मैदान दूर आहे, त्यांनीं घराच्या अंगणांतहि या मोकळेपणाचा अभ्यास करावा. हात-सव्वा हात लांबीच्या जाड दोराच्या टोंकाला घट्ट गांठ मारावी आणि तो दोन्ही हातांनीं धरून गोल्फच्या काठीप्रमाणें मागून पुढें फिरवावा. मनगटाचा जोर लावला कीं दोर मध्येंच वांकडातिकडा होतो. कंबर व खांदे आधीं फिरूं दिले कीं तो आपोआप ताठ होऊन जातो. दोर खोटें बोलत नाहीं. क्लब हाताशीं असेल तर तो उलटा, डोक्याच्या बाजूनें धरून झपाट्यानें फिरवावा आणि हवेंतील ‘सूं’ असा आवाज कोठें उठतो इकडे कान द्यावा. आवाज उजव्या पायाच्या अलीकडे उठला तर क्लब लवकर उलगडला. तो डाव्या पायाच्या समोर किंवा किंचित् पुढें उठावयास हवा. पकड चिमणीचें पिल्लूं धरल्यासारखी असावी असें सांगण्याची रीत आहे. आम्ही एवढेंच म्हणूं कीं दांतओंठ आवळले गेले तर हातहि आवळले गेले असें समजावें. आधीं कंबरेपर्यंतचेच अर्धे फेरे घ्यावे. आठ-पंधरा दिवस चेंडू ठेवूंच नये, कारण चेंडू दिसला कीं जोर आलाच.

ज्यांचें कोंपर आधींच दुखत आहे त्यांनीं प्रथम दुखणें पूर्ण थांबूं द्यावें आणि लांबल्यास डॉक्टरांस दाखवावें. दोराचा अभ्याससुद्धां त्यानंतरच. इतरांनीं दिवसाकाठीं वीस-पंचवीस फेरे घेतले तरी पुष्कळ झालें. त्यांतले आठ-दहा उलट बाजूनें, डावरा खेळाडू खेळतो तसे घ्यावे, म्हणजे कंबर एकाच अंगास वळण्याची खोड लागणार नाहीं. अंगणांत लहान मुलें वावरत असतील तर मात्र हें सर्व गच्चीवर करावें, आणि लुगडीं वाळत घातलीं जाण्याच्या आधीं.